तिवराची नाकं

पावसाने त्या साली ओढ दिली आणि एस्तेरो ओंदो गावाच्या खाजणात ऊन उतरलं.

एरवी तिथे ऊन उतरत नसे. कांदळांची मुळं कमानी टाकून एकमेकांत गुंतलेली, वर पानांचं छप्पर, खाली मांडीपर्यंत रेंदा. ओहोटी लागली की गावच्या बायका होड्या घेऊन आत शिरायच्या, मुळांवरून तोल सावरत जायच्या, कमरेत वाकून कोपरापर्यंत हात चिखलात घालायच्या आणि बोटांनी चाचपत काळे शिंपले काढायच्या. प्रत्येकीच्या शेजारी नारळाचं सोडण धुमसत असायचं. धूर नसला तर डास माणूस सोलून काढतात. त्या साली शिंपला बोटाला लागेना. लागला तर इतका बारका, की माल घेणारा टोपलीत हात घालून म्हणाला, "बटणं आणलीत का काय? सदऱ्याला लावू?"

"तोंडाला लाव," तोमासा म्हणाली. "झाकलेलं तरी राहील."

बायका हसल्या. तोमासाने कुणाला हसवायला म्हटलं नव्हतं. तिने टोपली उचलली आणि होडीत परत ठेवली.

तोमासा कधी कुणाच्या दारात गेली नाही. हे गावाला माहीत होतं, कारण तीच ते सांगायची. नवरा बोट घेऊन समुद्रात गेला तो आलाच नाही, तेव्हा नुबिया पोटात होती. तोमासाने चिखलात खांब रोवून घर उभं केलं, छपराला माडाच्या पात्या आणल्या, पोर वाढवली. चिखलातल्या बेडूकमाशाने काटा मारून उजव्या हाताचा अंगठा वाकडा केला, तर वाकड्या अंगठ्याने शिंपले काढले. गाव तिला मानायचं. म्हणजे तिच्या तोंडाला भ्यायचं, पण ह्या दोन्हींत फरक करत बसायला तोमासाला वेळ नव्हता.

बारके शिंपले वाढवायची तिथे एक रीत आहे. ओहोळाच्या बगलेला काठ्यांचं कुंपण करायचं, बारका माल त्यात सोडायचा आणि तो भरेपर्यंत हात लावायचा नाही. तोमासाचं कुंपण तिच्या घराण्याच्या ओहोळात होतं, अगदी आतल्या टोकाला, थोरल्या तिवराच्या पायाशी. पण त्या साली ओहोटीला चिखल तव्यासारखा तापायचा. शिंपले जबडे उघडून मरायला लागले. वास घरापर्यंत यायचा.

तोमासा ओहोळाच्या तोंडाशी उभी राहून बघत राहिली. पाणी येतं आणि पाणी जातं. येतं ते ठीक. जातं कशाला?

तिने बांध घालायला घेतला. कांदळाचे ओले वासे तोडून आणले, दोन ओळींनी रोवले, मधे पात्या विणल्या, फटींत चिखल, शिंपल्यांचा चुरा आणि नारळाची सोडणं ठेचून भरली. रोज ओहोटीला मायलेकी तेच करत. नुबियाच्या खांद्यावर वासे वाहून घट्टे पडले. एकोणीस वर्षांची, उंच, काळीभोर, हसली की खाजणातले बगळे उडावेत अशी पोरगी.

"आई, पाण्याला बाहेर जायला वाट नको का ठेवायला?"

"कशाला? त्याला बाजाराला जायचंय?"

रुफिना तिथून होडी घेऊन चालली होती. रुफिना ही तोमासाच्या नवऱ्याची बहीण, अंगाने भरलेली, चालली की लाकडी जिने कण्हायचे. तिने वल्हं थांबवलं.

"वहिनी, खाजणाला दार लावणारी तू पहिलीच गं बाई."

"वन्सं, दार तुमच्या तोंडाला लावायचं होतं. पण एवढे वासे कुठून आणू?"

रुफिनाचं तोंड एवढंसं झालं. तिने होडी वळवली ती परत त्या वाटेला आली नाही.

पुनवेच्या उधाणाचं पाणी बांधावरून आत चढलं आणि आतच राहिलं. तोमासा कुंपणापाशी गेली, वाकून एक शिंपला काढला, दुसऱ्यावर आपटला. टक्क. भरलेला आवाज. त्या दिवशी तिने नारळाच्या रसात मासा शिजवला, हिरवी केळी तळली आणि नुबियाला दोनदा वाढलं.

थोरला तिवर मात्र त्या पाण्यात उभा होता.

तिवराचं झाड कांदळासारखं कमानीवर उभं राहत नाही. त्याची मुळं चिखलाखालून लांब पसरतात आणि मधेमधे बोटाएवढे कोंब वर काढतात, हजारोंनी, जणू कुणी चिखलात पुरलंय आणि बोटं तेवढी वर राहिलीत. गावात त्यांना नाकं म्हणतात. भरतीला ती बुडतात, ओहोटीला उघडी पडतात. खालच्या रेंद्यात हवा नाही. झाडाला जी काय हवा घ्यायची ती ह्या नाकांनीच घ्यायची. ओहोटीला खाजणात गप्प उभं राहिलं तर चिखलातून बारीक चुटचुट ऐकू येते. बायका म्हणतात, तिवर दम खातोय.

आता तोमासाच्या ओहोळात ओहोटी यायचीच नाही.

आणि तो तिवर म्हणजे नुसता तिवर नव्हता. पोर जन्माला आलं की त्याची नाळ एखाद्या झाडाच्या मुळाशी पुरायची, मग ते झाड त्या पोराचं. बहुतेकांची नाळ अंगणातल्या माडाखाली असते. तोमासाच्या घराला अंगण नव्हतं, खाली चिखल. तेव्हा सेल्मिरा सुईण नाळ केळीच्या पानात गुंडाळून ओहोळात घेऊन गेली आणि थोरल्या तिवराखाली पुरून आली. "खारं झाड आहे," ती म्हणाली होती. "पोरगी टिकेल."

ते सगळं तोमासाला ठाऊक होतं. पण ठाऊक असलेली गोष्ट माणूस रोज थोडीच काढून बघतो.

नुबियाला पहिल्यांदा धाप लागली ती जिना चढताना. दोन पायऱ्यांवर बसली आणि हसली. "म्हातारी झाले मी, आई."

"काम नको असलं की सगळ्यांनाच म्हातारपण येतं."

पण दुसऱ्या दिवशी ती चिखलात वाकली आणि तिला सरळ होता येईना. तोंड उघडं, मान ताणलेली, गळ्याच्या खळीत खड्डा पडायचा आणि भरायचा. तोमासाने तिला पाठीवर घेऊन होडीत घातलं. घरी आल्यावर लसणाचं तेल छातीला चोळलं, उसाच्या दारूत मुळ्या कुटून पाजल्या, वाफ दिली. धाप कमी होईना, जास्तही होईना. ती तशीच राहिली, घरात कुणी पाहुणा येऊन बसावा तशी.

तोमासाने तिला होडीत निजवलं आणि शहराच्या दवाखान्याकडे निघाली. वाट नदीच्या मुखातून. ओहोळ मागे पडला तशी नुबियाचा श्वास आखूड झाला. नदीच्या वळणाला तिची नखं निळी पडली. मुखापाशी, जिथे समुद्राचा वारा तोंडावर येतो आणि सगळ्यांचीच छाती भरते, तिथे पोरीने दोन्ही हातांनी होडीची कड धरली आणि डोळे फिरवले. वारा तिच्या केसांतून जात होता. नाकात जात नव्हता.

तोमासाने वल्हं उलटं मारलं. गाव जवळ आलं तसे पोरीचे डोळे जागेवर आले. वळणाशी ती म्हणाली, "आता जरा येतंय." कुठून येतंय ते तोमासाने विचारलं नाही.

सेल्मिरा म्हातारीला बोलवायला लागलं नाही. ती आपणच आली, काठी टेकत, दम घेत, आणि नुबियाच्या उशाशी बसली. पोरीच्या छातीला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"काय ऐकतेस मावशी? आत बाजा वाजतोय का?"

"पाणी आहे," सेल्मिरा म्हणाली. "साचलेलं पाणी आहे. तू बांध फोड, तोमासा."

"बांधाचा काय संबंध? तुला सगळीकडे नाळच दिसते. जन्मभर दुसरं काय बघितलंस?"

"तुझीपण मीच बघितलीय. तेव्हाही तू अशीच किंचाळत होतीस."

"गावात म्हणतात तुंदाने धरलंय पोरीला." तुंदा म्हणजे खाजणातली लाकडी पायाची बाई, माणसांना भुलवून आत नेणारी.

"तुंदाने बांध घातला असेल तर तुंदाने धरलंय," म्हातारी म्हणाली आणि उठली. दारात वळून बोलली, "झाडाचं पान चाटून बघ. मग पोरीचं कपाळ चाट. मी काही बोलत नाही."

तोमासा गेली नाही. तिने भांडी घासली. घासलेली परत घासली. आत नुबियाचा श्वास ओढला जात होता, ओल्या दोरासारखा, खिळ्याखिळ्याला अडत. मग तोमासा उठली आणि होडी सोडली.

बांधावरून होडी ओढून तिने आत घेतली. ओहोळात वारा नव्हता. पाणी चहासारखं लालसर झालेलं, वर तेलकट साय. तिवराची पानं पिवळी पडून त्या सायीवर तरंगत होती. सगळं खाजण ओहोटीला चुटचुटत होतं, बांधाच्या पलीकडे, उजवीकडे, डावीकडे. आत मात्र काही नाही. तोमासाने वल्हं आडवं धरलं आणि बसून राहिली. तेव्हा तिला बुडबुडा दिसला. झाडाच्या बुंध्यापाशी एक आला, फुटला. जरा वेळाने त्याच्या पुढे एक. मग आणखी पुढे. पाण्याखाली कुणीतरी बांधाकडे सरपटत निघालं होतं आणि मधेमधे श्वास सोडत होतं. बुडबुडे होडीखालून गेले. तोमासाला लाकडातून तळपायाला ते कळले. पुढचा बांधाच्या अलीकडे हातभर आला, आणि त्यानंतर आलाच नाही.

तिने फांदी वाकवून एक हिरवं पान तोडलं. तिवर मुळाने खारं पाणी ओढतो आणि मीठ पानावाटे टाकून देतो. पान उन्हात धरलं की मिठाचे कण चमकतात. लहानपणी तोमासाने जेवणात मीठ नसलं की हीच पानं चाटली होती. आता तिने जीभ लावली. पान अळणी होतं. दुसरं तोडलं. अळणी. झाड काही ओढत नव्हतं, काही टाकत नव्हतं. ते नुसतं उभं होतं.

ती घरी आली. नुबियाच्या कपाळावर घामाचे थेंब होते. तोमासा वाकली, लोकांनी बघितलं तर मुका घेतेय असं वाटावं, आणि कपाळाला जीभ लावली.

पोरीच्या घामाला मीठ नव्हतं. पावसाचं पाणी असावं तसा घाम.

"काय झालं, आई?" नुबियाने विचारलं. शब्द एकेक करून आले.

"काही नाही. ताप बघत होते."

दुसऱ्या ओहोटीला तोमासा कुऱ्हाड आणि कोयता घेऊन बांधावर चढली. वासे तोडून टाकायला किती वेळ लागणार असं तिला वाटलं होतं. पण ओले वासे रुजले होते. चिखलाखाली त्यांनी मुळं सोडली होती, सोडणं आणि शिंपल्यांचा चुरा त्या मुळांत घट्ट धरून ठेवला होता. कोयता मारला की दगडावर मारल्यासारखा परत यायचा. तिने हातांनी उकरलं. नखं गेली. वाकडा अंगठा सुजून काळा झाला. भरती आली, तिने उकरलेलं सगळं परत भरून गेली. आयुष्यात पहिल्यांदा तोमासाने एखादी गोष्ट इतकी चांगली बांधली होती.

ती तशीच चिखलाने भरलेली, रुफिनाच्या जिन्यापाशी जाऊन उभी राहिली. वर चुलीचा धूर होता. बायकांची आपसात बोलणी चालली होती. तोमासा आली तशी बोलणी थांबली.

"वन्सं."

रुफिना दारात आली, हातात मासा, बोटांना खवलं. खाली बघून म्हणाली, "कोण? तोंडाला दार लावणारी का? वासे मिळाले?"

वर कुणीतरी खुदकन हसलं. तोमासाच्या तोंडात उत्तर आलं होतं, चांगलं धारेचं उत्तर आलं होतं. तिने ते गिळलं.

"बांध फोडायचाय," ती म्हणाली. "मला एकटीला फुटत नाही."

"आणि शिंपले? तुझे ते भरलेले शिंपले जाणार की सगळे."

"जाऊ देत."

रुफिनाने मासा आत टाकला.

"माझ्या भावाची पोर आहे ती," ती म्हणाली, पण तोमासाला नाही, मागच्या बायकांना. "सोडणं पेटवा. डास फाडतील तिथे."

दुपारच्या ओहोटीला आठ-दहा होड्या ओहोळाच्या तोंडाशी लागल्या. बायका बांधाला दोन्हीकडून भिडल्या, कुऱ्हाडी, पहारी, वल्ही, हात. आतल्या बाजूच्या गळ्यापर्यंत पाण्यात. कुणी गाणं म्हटलं नाही. एरवी म्हणतात. रुफिनाने पहार घातली आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला. एक वासा कण्हला. मग मुळं तुटल्याचा आवाज आला, दात उपटावा तसा, आणि पाणी सुटलं.

लाल, सडकं, कोमट पाणी बायकांच्या मांड्यांमधून धावत गेलं. कुंपण उखडलं. भरलेले शिंपले त्यांच्या पायांवर आपटत, खडखडत पुढे गेले, उन्हाळाभरचे, मोठे, एकसारखे. एकाही बाईने वाकून एकही उचलला नाही. तोमासाने ते बघितलं आणि मान फिरवली.

पाणी उतरलं. नाकं वर आली, आधी झाडापाशी, मग लांबवर, काळी, बुळबुळीत, मेलेली असावीत तशी. बायका होड्यांतली धुमसती सोडणं हातात घेऊन त्यांच्यातून चालत तिवरापर्यंत गेल्या. कसलाही आवाज नव्हता. बाहेरच्या खाजणातली चुटचुटही थांबली होती. एकीने छातीवर क्रूस काढला.

"मेलं गं," कुणीतरी पुटपुटलं.

तेव्हा धूर खाली वळला.

बायकांच्या हातातल्या सोडणांचा धूर सरळ वर जात होता, वारा नव्हताच. तो मधेच वाकला, जणू कुणी त्याची शेंडी धरून ओढली, आणि चिखलावर उतरला. सगळ्या सोडणांचा. तो नाकांपाशी गेला आणि आत नाहीसा झाला. मग आवाज आला. पायाखालून, सगळ्या ओहोळाखालून, लांब, ओला, आत ओढलेला श्वास. संपेचना. तोमासाच्या तोंडातली हवा त्याच्याबरोबर निघाली. शेजारी रुफिनाने तोंड उघडलं आणि तिलाही आवाज फुटेना. सगळ्या बायका हात लोंबत, तोंडं उघडी ठेवून उभ्या, आणि खालून कुणीतरी त्यांच्या छातीतलंसुद्धा ओढून घेतंय.

मग तो थांबला. आणि चिखल चुटचुटायला लागला. एक, मग दहा, मग मोजता येऊ नयेत इतक्या ठिकाणी.

रुफिनाने धापा टाकत तोमासाचा दंड पकडला. "चल," ती म्हणाली. "चल चल. इथून चल."

दोघी एकाच होडीत बसल्या. कोणी वल्हं मारलं ते दोघींना आठवत नाही. घराच्या जिन्यापाशी आल्या तेव्हा वरून काही ऐकू येत नव्हतं, आणि तोमासा पहिल्या पायरीवर थांबली. गेले कितीतरी दिवस त्या घरातून ओल्या दोराचा आवाज येत होता. तो नव्हता. रुफिनाने तिला मागून ढकलत वर नेलं.

नुबिया चटईवर उठून बसली होती. खळीतला खड्डा गेला होता. छाती सावकाश वर येत होती आणि सावकाश खाली जात होती. सेल्मिरा म्हातारी कोपऱ्यात भिंतीला टेकून तिच्याकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते.

तोमासा पोरीपुढे बसली. हात लावायला तिचा हात उचलेना, चिखलाने भरलेला होता.

"कसं वाटतंय?"

"बरं आहे." नुबियाने आईकडे बघितलं, मग दारातल्या आत्याकडे. तिच्या कपाळाला आठी पडली, झोपेतून उठवलेल्या माणसाला पडते तशी. "आई, एवढ्या बायका माझ्या अंगावरून का चालत होत्या?"

बाहेर होड्या लागत होत्या, बायका हळू आवाजात बोलत होत्या.

"लागलं का?" तोमासाने शेवटी विचारलं.

नुबियाने झग्याची गळपट्टी जरा खाली ओढली. छातीच्या डाव्या बाजूला, बरगड्यांवर, काळंनिळं उमटलं होतं. पाच बोटं आणि टाच.

"आत्याचा पाय जड आहे," ती म्हणाली.

रुफिनाने खाली आपल्या पायांकडे बघितलं. मग ती वळली, कठडा दोन्ही हातांनी धरला, आणि निजलेल्या तान्ह्या पोराच्या उशाशेजारून जावं तशी, एकेक पाऊल टेकत, जिना उतरून गेली. एकही पायरी वाजली नाही.